विश्लेषण : आधी टेबल, मग चहा, मग जेवण... मलेशियातील ‘हॉकर’ फूड कोर्ट चालते कसे? आणि ते अडचणीत का?

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसाची अट काढून टाकली. तेव्हापासून क्वालालंपूर आणि पेनांग ही नावे मराठी घरांतल्या सुट्टीच्या बेतांत पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागली आहेत. ‘भारतीय जेवणासह’ अशी जाहिरात असलेल्या सहलींमध्ये मात्र या देशाची खरी ओळख अनेकदा बसच्या खिडकीतूनच मागे पडते. ती ओळख म्हणजे पत्र्याच्या छपराखालची, पंख्यांच्या घरघरीतली, प्लास्टिकच्या खुर्च्यांची हॉकर फूड कोर्ट. मलेशियाच्या ‘न्याहारी संस्कृती’ला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. नासी लमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक या तीन पदार्थांचा त्यात विशेष उल्लेख आहे. हा मान मिळाला असला, तरी ते पदार्थ उद्या कोण रांधणार, हा प्रश्न तिथे सुटलेला नाही.

हॉकर फूड कोर्ट म्हणजे नेमके काय?

हॉकर म्हणजे फेरीवाला. मलय भाषेत त्याला ‘पेंजाजा’ म्हणतात. अनेक फेरीवाले एका छपराखाली आणून बसवले की होते ‘मेदान सेलेरा’. सेलेरा म्हणजे भूक किंवा रुची, आणि मेदान हा आपल्या ‘मैदाना’चाच भाऊबंद. मॉलमधले वातानुकूलित फूड कोर्ट आणि हे मैदान यांत मोठा फरक आहे. मॉलमध्ये बहुतेक साखळी कंपन्यांचे गाळे असतात. इथे एका गाळ्यावर एक कुटुंब आणि एक किंवा दोनच पदार्थ असतात. कोणी वीस-तीस वर्षे फक्त तळलेल्या शेवया करतो, तर कोणी फक्त माशाच्या आंबट रश्शातल्या. मेन्यूकार्ड नसते, गाळ्यावरच्या पाटीवर पदार्थाचे नाव असते आणि तेच दुकानाचे नाव.

याचे जुने भावंड म्हणजे ‘कोपीतियाम’. ‘कोपी’ म्हणजे कॉफी हा मलय शब्द, ‘तियाम’ म्हणजे दुकान हा चिनी होक्किएन बोलीतला. त्याचे अर्थकारण समजले की बाकीच्या रीती आपोआप उलगडतात. दुकानाचा मालक स्वतः फक्त चहा-कॉफी आणि इतर पेये विकतो. जेवणाचे गाळे तो वेगवेगळ्या हॉकरना भाड्याने देतो. हॉकरच्या पदार्थामुळे गिऱ्हाईक येते आणि मालकाचा नफा कपात उतरतो. म्हणूनच बसल्या बसल्या प्यायला काय, ही विचारणा होते. काही ठिकाणी पेय न घेणाऱ्याकडून किंवा बाहेरची बाटली आणणाऱ्याकडून थोडे जादा पैसे घेतले जातात. तशी पाटीही भिंतीवर लावलेली असते. पर्यटकाला ही लूट वाटते, पण खुर्ची, टेबल, पंखा आणि साफसफाई यांचे भाडे अशा रीतीने वसूल होत असते.

हे अड्डे आले कुठून?

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मलायात कथिलाच्या खाणी, बंदरे आणि पुढे रबराचे मळे उभे राहिले. तिथे राबायला दक्षिण चीन आणि तमिळनाडूतून मजूर आले. बहुतेक एकटे पुरुष, ना घर ना चूल. त्यांना स्वस्तात, लवकर आणि आपल्या गावच्या चवीचे खाणे हवे होते. खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन फिरणारे तमिळ मुस्लीम विक्रेते पेनांगच्या रस्त्यांवर दिसू लागले. या कावडीला मलयमध्ये ‘कांदार’ म्हणतात. म्हणून त्या जेवणाचे नाव ‘नासी कांदार’, सरळ मराठीत सांगायचे तर कावडभात. चीनच्या हैनान बेटावरून आलेले लोक तुलनेने उशिरा पोहोचले. तोवर इतर धंद्यांत जम बसवायला जागा उरली नव्हती. त्यांतले अनेक जण ब्रिटिशांच्या घरी आणि जहाजांवर खानसामे झाले आणि पुढे त्यांनीच कोपीतियाम उघडले. टोस्ट, अर्धकच्ची उकडलेली अंडी आणि कॉफी ही तिथली न्याहारी त्यामुळेच अर्धी इंग्रजी आहे.

स्वातंत्र्यानंतर नगरपालिकांनी रस्त्यावरच्या गाड्यांना परवाने दिले, काहींना छपराखाली जागा दिल्या. शेजारच्या सिंगापूरने हे काम १९७० आणि ८० च्या दशकांत शिस्तीने पार पाडले आणि रस्ते जवळपास रिकामे केले. मलेशियात ते अर्धेमुर्धेच झाले, त्यामुळे तिथे आजही हॉकर सेंटर, कोपीतियाम आणि रस्त्याकडेची गाडी हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. सिंगापूरने आपल्या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोची मोहोर मिळवली, तेव्हा ‘हे पदार्थ मुळात कुणाचे?’ हा वाद दोन्ही देशांत रंगला होता. दोन्हीकडचे स्वयंपाकी मूळ त्याच स्थलांतरितांचे वंशज असल्याने या वादाला खरे उत्तर नाही.

आपल्याकडे फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यावे आणि जागा नगर पथविक्रेता समितीमार्फत ठरावी, असे तो सांगतो. मुंबईत त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे न्यायालयात अडकलेली आहे. मलेशियातील व्यवस्था आदर्श नाही, पण गाडीवाल्याला नळ, गटार, वीज आणि छप्पर मिळाले की काय होते, हे तिथे पाहायला मिळते.

बसायचे कुठे, सांगायचे कुणाला, पैसे कधी?

पहिला नियम असा की आधी टेबल धरायचे. टेबलावर आकडा लिहिलेला असतो, तो लक्षात ठेवायचा. मग हव्या त्या गाळ्यावर जाऊन पदार्थ आणि टेबलाचा आकडा सांगायचा आणि परत येऊन बसायचे. पदार्थ टेबलावर येतो, पैसे बहुधा तेव्हाच द्यायचे. चार गाळ्यांवरून चार पदार्थ मागवले तर चार वेळा सुट्टे पैसे. त्यामुळे एक, पाच आणि दहा रिंगिटच्या नोटा खिशात हव्यात. स्थानिक लोक क्यूआर कोडने पैसे देतात, पण परदेशी पाहुण्याला रोखच सोयीची. २०२५ मध्ये एक रिंगिट २० रुपयांच्या थोडा मागेपुढे होता. साध्या शेवयांची ताटली सात ते बारा रिंगिटच्या आसपास पडते, शहराप्रमाणे आणि कोळंबीच्या आकाराप्रमाणे थोडी अधिकही.

गर्दीत अनोळखी माणसाच्या टेबलावर बसणे गैर नाही. ‘रिकामी आहे का?’ एवढे विचारले की पुरे. विक्रेत्याला हाक मारण्याची पद्धत मराठी माणसाला परकी वाटणार नाही. वयाने मोठ्या चिनी किंवा भारतीय विक्रेत्याला ‘अंकल’, बाईला ‘आंटी’, मलय तरुणाला ‘आबांग’ म्हणजे दादा, मलय स्त्रीला ‘काकाक’ म्हणजे ताई आणि तमिळ माणसाला ‘अण्णे’. तमिळ मुस्लिमांच्या खानावळींना ‘मामाक’ म्हणतात. तो शब्द तमिळमधल्या मामावरूनच आला आहे. पार्सल हवे असेल तर ‘बुंगकुस’ किंवा ‘तापाव’. हे दोन शब्द सगळीकडे चालतात.

एकाच सेंटरमध्ये सकाळचे आणि रात्रीचे गाळे वेगळे असतात. दुपारी तीनला गेले तर अर्धे पडदे खाली. शिवाय प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा. एखादा प्रसिद्ध गाळा गाठायचाच असेल तर सलग दोन दिवस हाताशी ठेवलेले बरे. २०१९ पासून सर्व खाद्यगृहांत, उघड्यावरच्या टेबलांवरही, धूम्रपानाला बंदी आहे.

‘कोपी ओ कोसोंग’ ही कोणती भाषा?

इथली चहा-कॉफी मागवण्याची भाषा एक छोटी परिभाषाच आहे. नुसते ‘कोपी’ म्हटले की कॉफीत आटवलेले गोड डब्याचे दूध येते. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, पण साखर घातलेली, कारण होक्किएनमध्ये ‘ओ’ म्हणजे काळा. ‘कोपी सी’ म्हणजे बिनसाखरेचे आटवलेले दूध आणि वरून साखर. ‘कोसोंग’ म्हणजे शून्य, रिकामे. त्यामुळे ‘कोपी ओ कोसोंग’ ही साखर-दूध काहीच नसलेली कॉफी आणि ‘रोटी कोसोंग’ ही आत काही न भरलेली रोटी. बर्फ हवा तर शेवटी ‘आइस’ किंवा ‘पेंग’. कॉफी म्हणून ‘कोपी’च्या जागी ‘तेह’ म्हटले की तोच सगळा संच चहाला लागू होतो.

या कॉफीचे दाणे साखर आणि मार्गारिन घालून भाजलेले असतात आणि ती लांबट कापडी गाळणीतून गाळतात. तेह तारिक म्हणजे ‘ओढलेला चहा’. दोन भांड्यांत हात लांब करून वरखाली ओततात आणि फेस आणतात. तमिळनाडूतल्या मीटर कॉफीशी त्याचे नाते डोळ्यांना लगेच कळते.

या गोडव्याची किंमतही आहे. मलेशियाच्या २०२३ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १५.६ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आणि निम्म्याहून अधिक प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले. म्हणून ‘कुरांग मानिस’ म्हणजे ‘गोड कमी’, हे दोन शब्द आता अगदी स्थानिक लोकही सर्रास वापरतात. भारतीय पाहुण्याने ते पहिल्याच दिवशी पाठ करावेत.

ताटात काय येते?

नासी लमाक हा नारळाच्या दुधात शिजवलेला, पांदानच्या पानाचा वास असलेला भात. सोबत तिखट सांबाल, कुरकुरीत तळलेले छोटे मासे, शेंगदाणे, काकडी आणि अंडे. गुळाशिवायचा नारळीभात आणि त्यावर सुक्या मासळीची चटणी अशी कल्पना केली तर कोकणी माणूस जवळ पोहोचतो. ते मासे आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले. सांबालमध्ये ‘बलाचान’ नावाची आंबवलेली वडी घालतात. ती ज्या बारीक कोळंबीपासून करतात, ती आपल्या जवळ्याचीच बहीण आहे.

पेनांगचा ‘आसाम लक्सा’ ही दुसरी ओळखीची गाठ. आसाम राज्याशी त्याचा संबंध नाही, मलयमध्ये ‘आसाम’ म्हणजे आंबट. बांगड्यासारख्या माशाचा दाट रस्सा, तांदळाच्या जाड शेवया, पुदिना, काकडी, अननस, एका प्रकारच्या आल्याच्या फुलाचा सुगंध आणि वरून कोळंबीची काळी गोडसर पेस्ट. आंबटपणासाठी चिंच आणि ‘आसाम गेलुगोर’ या फळाच्या वाळवलेल्या चकत्या वापरतात. हे झाड आणि आपला कोकम एकाच कुळातले. वनस्पतिशास्त्रात दोन्ही ‘गार्सिनिया’. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला हा लक्सा इतर पर्यटकांच्या मानाने लवकर कळतो.

‘चार क्वे त्याव’ म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया, कोळंबी, शिंपले, मोड आलेले मूग आणि अंडे भडक्या आचेवर परतलेले. उत्तम गाळ्यावर एका वेळी एकच ताट करतात, कारण कढईत जास्त घातले की आच बसते आणि धुराचा तो वास येत नाही. रांग लांबते ती यामुळे. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, हे खाण्याआधी माहीत असावे. ‘होक्किएन मी’ मागवताना शहर कोणते, हे लक्षात घ्यावे. पेनांगमध्ये या नावाने कोळंबीच्या तिखट रश्शातल्या शेवया येतात, क्वालालंपूरमध्ये काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या जाड शेवया. दोन्ही ठिकाणचे लोक दुसऱ्याचा पदार्थ ‘खरा’ मानत नाहीत. कोल्हापूर आणि पुण्याची मिसळ आठवावी.

नासी कांदारमध्ये भातावर चार-पाच प्रकारच्या रश्शांची सरमिसळ घेण्याची रीत आहे. रस्सा भरपूर हवा असेल तर ‘बांजिर’ म्हणजे पूर म्हणायचे. इथे दर ताटाप्रमाणे बदलतो. मोठी कोळंबी किंवा माशाची अंडी घेतली की बिल दुपटीने वाढू शकते, म्हणून घेण्याआधी भाव विचारलेला बरा. विचारण्यात कोणी कमीपणा मानत नाही.

शाकाहारींनी काय करावे?

‘भाजीच आहे’ या उत्तरावर इथे विसंबता येत नाही. पालेभाजीवर बलाचान असतो, शेवयांचा पाण्यासारखा रस्सा कोळंबीचा किंवा हाडांचा असतो. मामाक खानावळीत डुकराचे मांस नसते, पण गाईचे असू शकते. ‘दागिंग’ हा शब्द दिसला की ते बहुधा बीफ. आयाम म्हणजे कोंबडी, कांबिंग म्हणजे बकरा, इकान म्हणजे मासा, उदांग म्हणजे कोळंबी, तेलूर म्हणजे अंडे, बाबी म्हणजे डुक्कर. एवढे सात-आठ शब्द पाटी वाचायला पुरतात.

खरी सोय मात्र अनेकांना माहीत नसते. ती म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी गाळे. यांत मांस-मासे नसतातच, शिवाय परंपरा कडक पाळणारे कांदा-लसूणही वापरत नाहीत. जैन पर्यटकांना हे ऐकून हायसे वाटेल, पण बटाटा, गाजर, मुळा त्यात असतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात, तेव्हा या गाळ्यांवर गर्दी होते. चिनी नवव्या महिन्यात ‘नऊ सम्राट देवां’चा नऊ दिवसांचा उत्सव असतो आणि पेनांगमध्ये पिवळे झेंडे लावलेले शाकाहारी गाळे रस्तोरस्ती उभे राहतात. २०२३ आणि २०२४ मध्ये हे नऊ दिवस आणि आपले शारदीय नवरात्र अगदी त्याच तारखांना आले होते. याशिवाय केळीच्या पानावरचा भात, तोसाई म्हणजे डोसा आणि दालीत बुडवून खायची रोटी चनाई आहेच. फक्त दालीशेजारी माशाचा रस्सा ओतू नका, असे आधी सांगावे लागते.

सगळे जण खरोखर एकत्र जेवतात का?

युनेस्कोच्या नोंदीच्या शीर्षकातच ‘बहुवांशिक समाज’ हे शब्द आहेत. प्रत्यक्ष चित्र मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे. देशात मलय आणि इतर भूमिपुत्र सुमारे ७० टक्के, चिनी वंशाचे त्यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणि भारतीय वंशाचे साधारण ६-७ टक्के आहेत. डुकराचे मांस विकणाऱ्या कोपीतियाममध्ये मलय मुस्लीम सहसा बसत नाहीत. हलाल प्रमाणपत्र सरकारी इस्लामी विकास विभाग देतो आणि गेल्या काही दशकांत त्याबाबतची काटेकोरता वाढली आहे. जुन्या पिढीतले लोक पूर्वी चिनी दुकानात मलय मित्रासोबत कॉफी घेत असल्याच्या आठवणी सांगतात. आज ती जागा बव्हंशी मामाक खानावळींनी घेतली आहे. चोवीस तास उघड्या, मोठ्या पडद्यावर फुटबॉल, आणि टेबलावर तिन्ही समाजांची मुले. ज्या देशात शाळा आणि राजकीय पक्षही बऱ्याच अंशी समाजागणिक वेगळे आहेत, तिथे दोन रिंगिटच्या आसपासची रोटी ही थोड्या सामाईक गोष्टींपैकी एक उरते.

नाशिकच्या कांद्याचा इथे काय संबंध?

नासी कांदारच्या रश्शात कांदा किलोंनी जातो आणि मलेशिया हा भारतीय कांद्याच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे. भारताने डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी केली, ती मे २०२४ मध्ये उठली. लासलगाव, पिंपळगावच्या शेतकऱ्याला त्या महिन्यांत भाव पडल्याचा फटका बसला आणि समुद्रापलीकडच्या खानावळवाल्याला भाव चढल्याचा. २०१९ आणि २०२० मध्येही हेच घडले होते.

तांदळाचे तसेच. भारताने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. मलेशियात तांदूळ आयातीचा एकाधिकार ‘बर्नास’ या कंपनीकडे आहे. तिने सप्टेंबर २०२३ मध्ये आयात तांदळाचा दर टनामागे २,३५० रिंगिटवरून ३,२०० वर नेला. स्थानिक तांदळाचा दर मात्र सरकारने बांधलेला, किलोला २.६० रिंगिट. साहजिकच सगळे स्थानिक तांदळाकडे वळले आणि काही आठवडे तो दुकानांतून दिसेनासा झाला. हॉकरपुढे दोनच वाटा होत्या, ताटाचा दर वाढवणे किंवा भाताचे माप कमी करणे. पन्नास सेनची वाढही नेहमीचे गिऱ्हाईक बोलून दाखवते, त्यामुळे अनेकांनी दुसरी वाट धरली. त्यानंतर जून २०२४ मध्ये डिझेलचे अनुदान कमी झाले आणि फेब्रुवारी २०२५ पासून किमान मासिक वेतन १,५०० वरून १,७०० रिंगिट झाले. कामगाराच्या दृष्टीने हे योग्यच. पण ‘स्वस्त’ हीच ज्याची ओळख, त्या धंद्यात वाढलेला खर्च गिऱ्हाइकावर टाकता येत नाही.

पेनांगने परदेशी स्वयंपाक्यांना का रोखले?

पहाटे चारला बाजार, दिवसभर भट्टीसमोर उभे राहणे आणि सणासुदीला अधिक काम. हॉकरची मुले शिकली, कार्यालयांत आणि सिंगापूरमध्ये नोकरीला लागली. त्यांच्या जागी बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया, नेपाळ आणि भारतातून आलेले कामगार कढईसमोर उभे राहिले. पेनांग राज्य सरकारने २०१६ पासून आसाम लक्सा, चार क्वे त्याव, होक्किएन मी, नासी लमाक अशा ठरावीक पदार्थांचे मुख्य स्वयंपाकी परदेशी नसावेत, असा नियम केला. परदेशी कामगार भांडी घासू शकतो, भाजी चिरू शकतो, टेबलावर ताट नेऊ शकतो, पण कढई हाती घेऊ शकत नाही. नियम मोडल्यास परवाना जाऊ शकतो.

सरकारचा युक्तिवाद चवीचा आणि वारशाचा आहे. जॉर्ज टाऊन २००८ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, पर्यटक इथे खाण्यासाठीच येतात. ‘मिशेलिन गाइड’नेही डिसेंबर २०२२ पासून क्वालालंपूर आणि पेनांगच्या यादीत हॉकर गाळ्यांना स्थान दिले आहे. यातली विसंगती लपत नाही. हे सगळे पदार्थ इथे आणले ते परदेशी मजुरांनीच. आणि नियम स्थानिक मुलाला कढईसमोर आणू शकत नाही, तो फक्त दुसऱ्याला तिथून हटवतो. दहा वर्षे मालकाशेजारी उभे राहून आचेचा अंदाज शिकलेला बांगलादेशी मदतनीस आणि आजीची पाककृती मोबाइलवर वाचणारा नातू, यांत चांगली ताटली कोण करेल, हे चवीने ठरावे की पारपत्राने, यावर पेनांगमध्येच एकमत नाही.

त्यात २०२३ च्या मार्चपासून केंद्र सरकारने परदेशी कामगारांच्या नव्या कोट्यावर निर्बंध आणले. मामाक खानावळमालकांची संघटना भारतातून, विशेषतः तमिळनाडूतून स्वयंपाकी आणू द्यावेत, अशी मागणी वारंवार करते. काही हॉकरनी दुसरा मार्ग काढला आहे. आठवड्याचे दिवस कमी करायचे, संध्याकाळी पाचऐवजी माल संपेल तेव्हा बंद करायचे आणि गाळ्यावर पाटी लावायची की पुढच्या महिन्यापासून निवृत्ती. अशा पाटीचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून रांग लागते.